पळसाला पानं तीन, रंग किती?

पळसाला पानं तीनच, असं आपण सुस्कारा टाकून म्हणतो. कुठंही जा, सगळीकडे तेच. ही म्हण ज्याने पाडली त्याने झाड बहुधा पावसाळ्यात पाहिलं असावं. फाल्गुनात नागपूरहून भंडारा-गोंदियाकडे निघालात, तर रस्त्याकडेच्या पळसांना तीन सोडा, एकही पान दिसत नाही. काळपट, वेड्यावाकड्या फांद्या आणि त्यांच्यावर नुसती केशरी फुलं.

हा थाट आपल्यासाठी नाही. फूल वाकडं, पोपटाच्या चोचीसारखं. संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ आत भरपूर मध. मधमाशीच्या डोळ्यांना तांबडा रंग नीट दिसत नाही, पक्ष्यांना मात्र तो लांबून दिसतो, आणि पानांची आडकाठी नसली तर आणखी लांबून. मैना, बुलबुल, कोतवाल, सगळे या मधावर तुटून पडतात. पण दिल्ली विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००३ साली दाखवून दिलं, की यातले बहुतेक फुकटे. परागीभवनाचं काम चोख करतो तो जांभळा शिंजीर हा चिमुकला पक्षी, आणि जोडीला खार. थोडक्यात, फुलाने शिंजिराला घातलेली साद आपण होळीला बादलीत कालवतो आणि एकमेकांच्या अंगावर ओततो.

झाडाचा आणि सणाचा मेळ बसतो कसा, हेही गमतीचं आहे. झाड सूर्याचं ऐकतं, सण चंद्राचं. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून होळी दरवर्षी अकरा-एक दिवसांनी मागे सरकते. २०२४ ची होळी २४ मार्चला पेटली, २०२५ ची १३ मार्चला. अशीच मागे जात राहिली तर काही वर्षांत ती ऐन थंडीत आली असती. पण साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना येतो आणि तिला पुन्हा पुढे ढकलतो. त्यामुळे फाल्गुनी पौर्णिमा फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा शेवट एवढ्याच पट्ट्यात हेलकावे खाते, आणि पळसाचा बहरही त्याच सुमाराचा. चुकामूक होत नाही.

आता रंगाची गोष्ट. आधी एक कबुली द्यायला हवी: आपल्याकडचा जुना खेळ रंगाचा नव्हता, चिखलाचा होता. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या महाराष्ट्री प्राकृत गाथांच्या संग्रहात फाल्गुनोत्सवाचा उल्लेख आहे, आणि तिथे कुणीतरी एका तरुणीला चिखलाने माखलंय. सणच असा, की त्याचा दोष कुणाला लागत नाही. धुळवड या शब्दात ती धूळ अजून शिल्लक आहे. सातव्या शतकात हर्षाच्या ‘रत्नावली’ नाटकात मदनोत्सवाचं वर्णन येतं, तेव्हा तिथे सुगंधी चूर्ण उधळलं जातंय, पिचकाऱ्यांनी पाणी उडतंय. ते कौशांबीचे नागरिक, पैसेवाले; त्यांच्या हवेत केशर होतं. खेड्यातल्या माणसाला माती होती, होळीची राख होती आणि रानात फुकटचा पळस होता. होलिका, ढुंढा राक्षसीण, मदनदहन या कथा वाचकांना ठाऊकच आहेत. मला त्या राखेत जास्त रस आहे, कारण लाकडाची राख म्हणजे अल्कली, आम्लाच्या उलट गुणाची, आणि पळसाचा रंग खुलतो तो अल्कलीनेच.

घरी करून बघण्यासारखं आहे. गेल्या वर्षी मी मूठभर वाळकी फुलं पातेल्यात उकळली. पाणी पिवळं झालं, बऱ्यापैकी फिकं. बायको म्हणाली, वरणाचं पाणी दिसतंय. मग पानाच्या डब्यातला चिमूटभर चुना टाकला. डोळ्यांदेखत पिवळ्याचं केशरी झालं आणि बघता बघता गडद. एका पेल्यात थोडं काढून त्यात लिंबू पिळलं, ते परत पिवळं. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लालभडक होतो, त्याच घराण्यातली ही जादू. आणि हळदीचं कुंकू होतं तेही अल्कलीमुळेच.

या पातेल्यात नेमकं काय चालतं, हे शोधणाऱ्यांत आर्थर जॉर्ज पर्किन हा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ होता. त्याच्या बापाने, विल्यम हेन्री पर्किनने, १८५६ साली वयाच्या अठराव्या वर्षी जांभळा ‘मॉव्ह’ बनवला आणि कृत्रिम रंगांचा कारखानदारी जमाना सुरू केला. बापाच्या शोधाने रानातल्या रंगांचं मार्केट मोडलं, आणि मुलगा लीड्समध्ये बसून त्याच मोडीत निघालेल्या रंगांचा अभ्यास करत राहिला. मला ही बापलेकाची जोडी फार आवडते. १९०४ साली त्याने पळसाच्या फुलांतून दोन पदार्थ वेगळे काढले: ब्युटिन आणि ब्युटाइन. दोन्हींत कार्बनचे १५, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ५ अणू. हिशेब तंतोतंत सारखा. तरी ब्युटिन रंगहीन आणि ब्युटाइन नारिंगी.

सारख्याच अणूंचा एक पदार्थ बिनरंगी आणि दुसरा नारिंगी, हे कसं? बांधकामावर मजूर रांगेत उभे राहून घमेली पुढे देतात, ते डोळ्यांसमोर आणा. रांग अखंड असेल तर घमेलं या टोकाचं त्या टोकाला जातं. मधला एक जण पाठ फिरवून बसला, की रांगेचे दोन तुकडे. ब्युटाइनच्या रेणूत अशी अखंड रांग आहे आणि तिच्यातून इलेक्ट्रॉन लांबवर फिरू शकतात. रांग जितकी लांब, तितक्या कमी ऊर्जेचा प्रकाश तिला पुरतो. म्हणून ब्युटाइन दिसणाऱ्या प्रकाशातला निळा भाग शोषून घेतं, आणि उरलेला पिवळा-नारिंगी आपल्या डोळ्यांत येतो. ब्युटिनमध्ये त्याच रांगेतला मधला एक जण वळून कडीत अडकलेला असतो. तुकडे आखूड, त्यांना लागतो अतिनील प्रकाश, तो आपल्याला दिसत नाही, म्हणून पदार्थ बिनरंगी. चुना किंवा राखेचं पाणी ती कडी उघडतं. शिवाय अल्कलीत रेणूवरचे काही हायड्रोजन निघून जातात आणि रंग आणखी गडद होतो. लिंबाने हायड्रोजन परत मिळतात, गडदपणा उतरतो.

फुलात हे रेणू सुटे नसतात, त्यांना साखरेचे म्हणजे ग्लुकोजचे तुकडे चिकटलेले असतात. पळसाचा रंग पाण्यात झटकन उतरतो तो त्यामुळे, आणि अंगावरून धुऊनही निघतो तो त्यामुळेच. रंगाऱ्याला हे परवडत नाही. तो कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढतो. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका हाताने धागा आणि दुसऱ्या हाताने रंग धरून ठेवतं. रंगपंचमीला आपण तुरटी वापरत नाही, हे शर्टाच्या दृष्टीने बरंच आहे.

पळसाचा रंग घाऊक प्रमाणात पाहायचा तर नाशिकला जावं. तिथे पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत: तिवंधा, शनी चौक, दिल्ली दरवाजा. रहाड म्हणजे रस्त्याखाली बांधलेला दगडी हौद, पुरुषभरापेक्षा खोल. वर्षभर तो लाकडी ओंडके आणि माती टाकून बुजवलेला असतो, वरून रिक्षा जातात. रंगपंचमीच्या आधी तो उघडतात, फुलं उकळून केलेला रंग भरतात, पूजा करतात, आणि मग पोरं वरून धप्पा मारतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. धप्प्याने उडालेलं पाणी समोरच्या घराच्या कुठल्या मजल्यापर्यंत गेलं, यावर इभ्रत ठरते.

आता बाजारातलं पुडकं. आजच्या स्वस्त गुलालात मुख्यतः मक्याचा स्टार्च किंवा खडूची भुकटी असते आणि रंग कारखान्यातला. झगझगीत गुलाबी बऱ्याचदा ऱ्होडामाइन बी. हा रेणू धन भार घेऊन फिरतो, आणि आपल्या कातडीच्या सर्वांत वरच्या मृत पेशींतलं केराटिन हे प्रथिन बव्हंशी ऋण भाराचं. दोघांचं जमतं. म्हणून चार दिवस कानामागे गुलाबी राहतं. ते धुतल्याने फारसं जात नाही, त्या पेशीच गळून पडतात तेव्हा जातं. हाच ऱ्होडामाइन ‘म्हातारीच्या केसां’त सापडला म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूने त्या खाऊवर बंदी आणली. हिरव्यात बऱ्याचदा मॅलकाइट ग्रीन असतो. नावाचं खनिज तांब्याचं, पण या रंगात तांब्याचा कणही नाही. कुणाला तरी रंग सारखा वाटला, एवढंच. डोळ्यांना आणि फुप्फुसांना मात्र दोन्ही रंग वाईट.

दरवर्षी होळीच्या आठवड्यात मोबाइलवर एक यादी फिरते: काळ्यात शिशाचं ऑक्साइड, लालमध्ये पारा, चंदेरीत ॲल्युमिनियम ब्रोमाइड. शिशाची भीती रास्त आहे. पण ॲल्युमिनियम ब्रोमाइड चंदेरी नसतंच, आणि दमट हवेत ते धुमसतं, पाण्यात पडलं तर भडकून उठतं. ते डब्यात भरून कुणी रंगपंचमीला आणलंच, तर पहिला बळी विकणाऱ्याचा. चंदेरी रंगात असते ती साधी ॲल्युमिनियमची पूड, तेलात कालवलेली. ती यादी पुढे पाठवणाऱ्यांपैकी एकानेही हे तपासलेलं नसतं.

या यादीच्या शेवटी ‘म्हणून पूर्वजांसारखे नैसर्गिक रंग वापरा’ असं असतं, तिथे मला हमखास ठसका लागतो. पूर्वजांच्या डब्यात शेंदूर होता, तो शिशाचा. हिंगूळ होता, तो पाऱ्याचा. पिवळी हरताळ होती, ती आर्सेनिकची. तिन्ही अस्सल, जुनी, शास्त्रात सांगितलेली आणि विषारी. पळस बरा आहे तो रानातला आहे म्हणून नव्हे, तर त्याचा रेणू कातडीला चिकटून बसत नाही म्हणून. आणि तरीही एखाद्याला त्याची खाज सुटू शकते. मनगटावर थोडा लावून बघायला काय हरकत आहे?

माझ्या पातेल्यातला उरलेला रंग मी एका पांढऱ्या रुमालावर ओतून वाळत टाकला होता. पहिल्या धुण्यात बराचसा गेला, दुसऱ्यात कडेला पुसट पिवळं उरलं. तोवर चैत्र लागला होता. कोपऱ्यावरच्या पळसाची फुलं झडून गेली होती, चपट्या हिरवट शेंगा लोंबत होत्या, प्रत्येकीच्या टोकाला एकच बी. आणि फांद्यांवर कोवळी पानं फुटली होती, मोजून तीन तीन.