‘ते कर्ज तर मिटवलं होतं’ म्हणणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

घर बांधायला, गाडीला, दुकान वाढवायला किंवा बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीनला बँकेचे कर्ज हवे म्हणून तुम्ही आमच्याकडे फाईल करून घ्यायला येता, तेव्हा आम्ही सगळ्यात आधी सिबिल रिपोर्ट, म्हणजे तुम्ही आजवर घेतलेल्या कर्जांची आणि ती कशी फेडली याची नोंद, मागतो. जमिनीचा उतारा, पगारपत्रक, रिटर्न हे सगळे त्यानंतर. यावर पुष्कळ जण नाराज होतात. ‘आठ वर्षांपूर्वीचं ते, कधीच मिटवलं की मी,’ म्हणतात आणि पिशवीतून घडी पडलेले एक पत्र काढतात. ते पत्र बहुतेक वेळा सेटलमेंटचे, म्हणजे कमी रक्कम घेऊन तडजोड केल्याचे असते. तुमचा आणि आमचा सर्वांत जास्त वेळ या एका कागदापायी जातो, म्हणून हे पत्रक.

समजा, हप्त्यावर मोबाईल किंवा टीव्ही घेतला, मग कामासाठी गोव्याला गेलात आणि शेवटचे काही हप्ते राहून गेले. मुद्दल, व्याज आणि दंड धरून बाकी ४१,००० झाली. वसुलीवाल्याचा फोन आला, ‘१५,००० भरा, विषय संपवून टाकतो.’ तुम्ही भरले आणि त्याने पत्र दिले. तुमच्या मते कर्ज फिटले. पण कंपनीच्या वहीत २६,००० बुडाले आहेत आणि ती रिपोर्टमध्ये तसेच कळवते. त्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ येत नाही, ‘सेटल्ड’ येते. नवे कर्ज देणारा मॅनेजर तो शब्द वाचतो तो असा, की या माणसाने ठरलेले पूर्ण पैसे दिले नाहीत. तुमचा आजचा पगार चांगला असला तरी घरकर्जाची फाईल तिथेच थांबते.

हे दुरुस्त होते. त्या संस्थेला लेखी अर्ज करून सोडून दिलेली बाकी किती ते विचारायचे, ती भरायची, ‘नो ड्यूज’ (काही देणे उरले नाही असा) दाखला घ्यायचा आणि खाते ‘क्लोज्ड’ म्हणून कळवा असे लेखी मागायचे. कधी कधी संस्था दंडाचा भाग कमी करतात, तेवढी बोलणी जरूर करावी. उशिरा भरलेल्या हप्त्यांचा इतिहास मात्र लगेच जात नाही. आणि ज्यांची सेटलमेंट अजून व्हायची आहे त्यांना कळकळीची विनंती: पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा, ‘रिपोर्टमध्ये काय येणार?’ उत्तर फोनवर घेऊ नका, कंपनीच्या लेटरहेडवर घ्या. जमत असेल तर थोडी मुदत मागा, पण पूर्ण भरा. खरोखरच ऐपत नसेल तर सेटलमेंट करण्यात गुन्हा नाही. पुढे काय होणार हे माहीत असून करा, एवढेच आमचे म्हणणे.

‘राइट ऑफ’ हा शब्द दिसला की काहींना ती कर्जमाफी वाटते. ती माफी नव्हे. बँकेने आपल्या हिशेबात रक्कम बुडीत धरली, तुमच्याकडचे येणे तसेच आहे. ‘तीन वर्षं झाली, आता कर्ज मेलं’ हेही अर्धेच खरे. मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या वसुलीचा दावा लावायला सर्वसाधारणपणे ३ वर्षे असतात, आणि त्या मुदतीत तुम्ही काही रक्कम भरली किंवा कर्ज लेखी कबूल केले तर मुदत नव्याने मोजतात. त्याचा रिपोर्टशी संबंध नाही. सात वर्षांनी नोंद आपोआप पुसली जाते हा समजही तसाच. नियम सांगतो की सिबिलसारख्या कंपन्यांनी माहिती किमान ७ वर्षे जपावी. न भरलेले खाते संस्था कळवत राहिली तर ते दिसत राहते.

आपल्या भागातल्या दोन अडचणी वेगळ्याच आहेत. एक, जुनी बँकच आता त्या नावाने उरलेली नाही. सिंडिकेट बँकेचे कर्ज असेल तर २०२० पासून कॅनरा बँकेत जायचे, कॉर्पोरेशन बँकेचे असेल तर युनियन बँकेत, विजया बँकेचे २०१९ पासून बँक ऑफ बडोद्यात. कर्नाटक विकास ग्रामीण बँकसुद्धा मे २०२५ पासून कर्नाटक ग्रामीण बँकेत आली आहे. काही थकीत कर्जे वसुली कंपन्यांना विकलेली असतात. तिथे पैसे कुणाला भरायचे हे रिपोर्टमधले नाव पाहून ठरवा, फोन करणाऱ्याच्या सांगण्यावरून नाही.

दुसरी अडचण नावाची. आधारवर कन्नड पद्धतीने आद्याक्षरे, पॅनवर वडिलांचे पूर्ण नाव, लग्नानंतर बायकांचे आणखी तिसरे. पत्ता एकदा खानापूरचा, एकदा चंदगडचा. अशाने दुसऱ्याच माणसाचे कर्ज आपल्या रिपोर्टमध्ये येऊ शकते. त्यावर तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

जामीन राहिलेल्यांनीही रिपोर्ट पाहावा. सोसायटीत मित्रासाठी, मेहुण्यासाठी सही करणे आपल्याकडे नात्याचा भाग आहे आणि आम्ही त्याला नको म्हणत नाही. पण कायद्याने जामिनाची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. त्याचे हप्ते थकले तर अडचण तुमच्याही फाईलला येते.

‘अमुक ठिकाणी पाच हजारांत सिबिल साफ करून देतात, तुम्ही का नाही?’ असे आम्हाला विचारले जाते. खरी नोंद पुसण्याचा अधिकार आम्हाला नाही, त्यांनाही नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेने दुजोरा दिल्याशिवाय सिबिलसुद्धा ती बदलत नाही. आम्ही जुनी खाती शोधतो, अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत लिहून देतो, दाखला हातात येईपर्यंत पाठपुरावा करतो आणि फी त्या कामाची घेतो. रिपोर्ट सुधारण्याआधी फाईल चार बँकांत फिरवत नाही, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते आणि सिबिलचे गुण (स्कोअर) आणखी घसरू शकतात. रिपोर्ट सुधारण्यात एक-दोन महिने जातात. दसऱ्याला गाडी हवी असेल तर श्रावणातच या.

स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षाला एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. तो घरी काढून आणलात तर उत्तम. आमच्याकडे काढला तरी पहिले वाचन आणि समजावणे यांचे पैसे नाहीत. येताना पॅन, आधार, असतील ती जुनी पत्रे आणि भरल्याच्या पावत्या आणा, फाटलेल्या असल्या तरी. रिपोर्ट काढताना ओटीपी तुम्ही दिलेल्या मोबाईल नंबरवर येतो. तो नंबर पुण्याला असलेल्या मुलाकडे असेल तर त्या वेळी फोन उचलायला त्याला आधीच सांगून ठेवा.