हाकललेलं भूत समुद्रकाठी कसं परतलं

इंग्रजीत ज्या रहस्यकथांना 'कोझी' म्हणतात, त्यांना मराठीत 'उबदार' म्हणायला जावं तर सोलापुरात लोक हसतात. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून गेलेला, कूलरमधलं पाणी संपत आलेलं, आणि आमची भाची त्याच कूलरसमोर बसून कुठल्याशा धुकट बंदरगावातला खून वाचत असते. वर्षभरात तिने अशा तीसेक गोष्टी फोनवर संपवल्या. आता तिला स्वतःला एक लिहायची आहे. समुद्र तिने आयुष्यात दोनदा पाहिलाय. तिच्या शंका सोडवता सोडवता या प्रकाराचा जो मागचा इतिहास हाती लागला, तो इथे मांडते.

आधी साचा सांगते, कारण तो फारच ठरीव आहे. गाव लहान आणि समुद्रकाठचं. नायिका शहरातली नोकरी नाहीतर नवरा सोडून आलेली. आजीने मागे ठेवलेलं घर, बेकरी किंवा जुन्या पुस्तकांचं दुकान तिच्या वाट्याला येतं आणि त्यासोबत एक भूतही येतं, बहुधा बोलकं आणि जरा खवट. मांजर असतेच. सुरुवातीलाच कोणीतरी मरतं, पण रक्त दिसत नाही. मरण पानाबाहेर घडतं, पानावर फक्त प्रेत सापडतं. पोलीस भलत्यालाच धरतात, नायिका खऱ्याला शोधते, आणि शेवटी कधीकधी केकची कृतीसुद्धा छापलेली असते. (आपल्या गोष्टीत ती शेंगाचटणीची असणार, हे भाचीने सगळ्यात आधी ठरवून टाकलं.)

गंमत म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वी याच भुताला रहस्यकथेत पाऊल टाकायची रीतसर बंदी होती. रोनाल्ड नॉक्स हे इंग्रज कॅथलिक धर्मगुरू स्वतः रहस्यकथा लिहीत. त्यांनी १९२९ मध्ये या लेखनाचे दहा नियम मांडले. त्यातला दुसराच नियम असा, की दैवी किंवा अमानवी शक्ती बाद. पुढच्या वर्षी लंडनमध्ये रहस्यकथाकारांचा 'डिटेक्शन क्लब' निघाला. चेस्टरटन पहिले अध्यक्ष. अगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स सभासद. आत येणाऱ्याला शपथ घ्यावी लागे, की माझा डिटेक्टिव्ह साक्षात्कार, बायकांचं अंतर्ज्ञान, मंत्रतंत्र आणि योगायोग यांच्या जोरावर गुन्हा उलगडणार नाही. ही शपथ घेताना हात ठेवायचा तो एका कवटीवर, आणि त्या कवटीचं नाव एरिक. भुताला हाकलायचं, तेही कवटीच्या साक्षीने!

इतका कडकपणा कशाला? कारण त्या काळात इंग्लंड-अमेरिकेत भुतांचा सुळसुळाट होता. १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावी फॉक्स बहिणींनी भिंतीवरच्या टकटकीतून मृतांशी बोलत असल्याचा दावा केला आणि त्यातून एक मोठी चळवळच उभी राहिली. १८८२ मध्ये लंडनच्या विद्वानांनी अशा अनुभवांची तपासणी करायला संस्था काढली. आपल्याकडे वाटी नाहीतर नाणं घेऊन बसतात ती प्लँचेट याच घराण्यातली. मग पहिलं महायुद्ध झालं. लाखो घरांतली पोरं परत आली नाहीत आणि त्यांच्या आया 'माध्यमां'समोर, म्हणजे मृतांशी बोलणं करून देतो म्हणणाऱ्यांसमोर, बसू लागल्या. खुद्द शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल यांचा मुलगा १९१८ मध्ये गेला आणि पुढची सगळी वर्षं ते परलोकविद्येचा प्रचार करत फिरले. त्यांचा होम्स मात्र १९२४ च्या एका कथेत बजावतो, की आमच्याकडे भुतांनी अर्ज करू नये. बाप भुतांच्या सभांत आणि लेक असा ठाम! नॉक्सचा नियम या गदारोळात आला. शेवटच्या पानावर 'भुताने केलं' म्हणून सुटायचं नाही. वाचकालाही नायकाइतकेच धागे मिळाले पाहिजेत.

या बंदीच्याच काळात 'उबदार' रहस्यकथेचं दुसरं अंग तयार होत होतं, ते म्हणजे गाव. अगाथा ख्रिस्तींची मिस मार्पल ही विणकाम करणारी, गुन्हे उलगडणारी म्हातारी १९२७ मध्ये कथेत आणि १९३० मध्ये कादंबरीत आली. तिची सगळी विद्या एकच: आमच्या गावातल्या अमक्याने अस्संच केलं होतं. आपल्या वाड्यात अशी एक तरी काकू असायचीच, फक्त तिला कोणी डिटेक्टिव्ह म्हटलं नाही. ख्रिस्तीबाई स्वतः टॉर्की या समुद्रकाठच्या गावात १८९० मध्ये जन्मल्या आणि महायुद्धात तिथल्याच इस्पितळाच्या औषधखोलीत काम करताना त्यांना विषांची ओळख झाली. समुद्रकाठचं गाव आणि घरगुती खून यांची गाठ अशी पहिल्यापासूनची आहे.

आता समुद्रच का? आमच्यासारख्या कोरड्या मुलखातल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. उत्तर बरंचसं रेल्वेत आहे. लंडन ते ब्रायटन गाडी १८४१ मध्ये सुरू झाली, १८७१ च्या कायद्याने बँकांना ठरावीक सुट्ट्या मिळाल्या, आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावर खानावळी, भाड्याच्या खोल्या, धक्के आणि जत्रेचे खेळ यांची रांग लागली. (आमच्याकडे रेल्वे १८६० मध्ये आली. तिने समुद्र आणला नाही, कापूस नेला आणि पुढे गिरण्या आणल्या.) अशा गावात उन्हाळ्यात दर आठवड्याला नवी तोंडं दिसतात आणि हिवाळ्यात फक्त एकमेकांना ओळखणारे उरतात. अनोळखी पाहुणा आणि सगळं माहीत असलेली शेजारीण या दोन्ही गोष्टी रहस्यकथेला आयत्या मिळतात. पुढे स्वस्त विमानं निघाली, लोक स्पेनच्या उन्हात जाऊ लागले आणि त्यातल्या कित्येक गावांची रया गेली. भोंगा थांबल्यावर गिरणगावाचं काय होतं हे ज्याने सोलापुरात पाहिलंय, त्याला रिकाम्या हॉटेलांची ती रांग समजावून सांगावी लागत नाही. रिकाम्या इमारतीत भूत आपोआप राहायला येतं.

पण भूत शेजारी व्हायचं तर त्याची भीती आधी जावी लागते, आणि ती जायला तिथेही वेळ लागला. १९४४ च्या जानेवारीत पोर्ट्समथ या बंदरात हेलन डंकन नावाच्या माध्यम बाईला अटक झाली. १९४१ च्या अखेरीला बुडालेल्या 'बारहॅम' या युद्धनौकेची बातमी सरकारने दाबून ठेवली होती, आणि हिच्या बैठकीत मात्र त्याच नौकेवरचा खलाशी 'प्रकट' झाला असं लोक सांगत होते. तिच्यावर खटला चालला तो १७३५ च्या चेटूक कायद्याखाली, आणि नऊ महिन्यांची शिक्षा झाली. मुळात त्या कायद्याने चेटूक खरं मानलंच नव्हतं. चेटकाचं ढोंग करणं हा त्यातला गुन्हा होता. तो १९५१ मध्ये रद्द झाला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत कॉर्नवॉलमधल्या बॉसकॅसल या चिमुकल्या बंदरात चेटूकविद्येचं संग्रहालय उघडलं आणि पर्यटक तिकीट काढून आत जाऊ लागले. अमेरिकेतल्या सेलमची गोष्ट तर अंगावर येते. या बंदरगावात १६९२ मध्ये चेटकाच्या आरोपाखाली १९ माणसं फासावर गेली. आज तिथल्या पोलिसांच्या बोधचिन्हावर झाडूवर बसलेली चेटकीण आहे. हा विनोद मला अजून नीट पचलेला नाही.

गोष्टीतलं पहिलं प्रेमळ समुद्री भूत माझ्या मते १९४५ च्या 'द घोस्ट अँड मिसेस म्युर' या कादंबरीतलं. एक विधवा समुद्रकाठचं घर भाड्याने घेते आणि तिथला मेलेला कप्तान तिच्याशी हुज्जत घालत राहतो. खून नाही, तपास नाही, पण साच्यातलं घर, एकटी बाई आणि खवट भूत तिघंही हजर. तपासाची बाजू टीव्हीने भरली. १९८४ ते १९९६ चाललेल्या 'मर्डर, शी रोट' या अमेरिकन मालिकेतली लेखिका मेन राज्यातल्या कॅबट कोव्ह या काल्पनिक बंदरगावात राहते. तिथे खून इतके झाले, की लहान गावात लोकसंख्येच्या मानाने भलतेच खून पडू लागले तर त्याला 'कॅबट कोव्ह सिंड्रोम' असं थट्टेचं नावच पडलं. १९८९ पासून अशा सौम्य रहस्यकथांना अगाथा नावाने पुरस्कार मिळू लागले. २००१ मध्ये शार्लेन हॅरिस या आधी सौम्य रहस्यकथाच लिहिणाऱ्या बाईंनी दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येणारी वेट्रेस आणि रक्तपिपासू नायक एका खुनाच्या गोष्टीत आणले आणि ते पुस्तक तुफान खपलं. २००७ मध्ये ई-पुस्तकं वाचायचं 'किंडल' हे यंत्र आलं. मग लेखकाला प्रकाशकाच्या दारात उभं राहायची गरज उरली नाही आणि भूत-मांजर-बेकरीचा महापूर आला. त्यातलं बरंचसं सारखंच असतं, हे भाचीही कबूल करते.

आपल्याकडे काय होतं, हा भाग मला जास्त आवडतो. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन हे संस्कृतचे अभ्यासक होते. त्यांनी मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती मागवली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मागे राहिलेली टिपणं एन्थोवेन या अधिकाऱ्याने लावली आणि १९१५ मध्ये त्यातला कोकणचा भाग पुस्तकरूपाने निघाला. त्यात गावोगावच्या मास्तरांनी भुतंखेतं नोंदवून दिली आहेत. मुंज झाल्यावर लग्नाआधी मेलेला मुंजा, पाण्याकाठी माणसाला भुलवणारा गिऱ्हा, हडळ, खवीस, समंध, सगळ्यांचा राजा वेताळ. कंदिलाच्या उजेडात बसून सरकारी प्रश्नावलीला 'आमच्या गावी भुतांचे प्रकार खालीलप्रमाणे' असं उत्तर लिहिणारा कोकणातला मास्तर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. यापेक्षा उबदार नायक कुठून आणायचा?

त्याहून मोठी गोष्ट अशी, की कोकणातलं प्रत्येक अमानवी घाबरवायला बसलेलं नसतं. देवचार हा गावाचा राखणदार. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा म्हणजे भुतांचा राजाच, पण लोक त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात, अशी श्रद्धा. गाऱ्हाणं घालताना सगळे मिळून 'व्हय म्हाराजा' म्हणतात. परदेशी लेखिकांना जे गावाची काळजी घेणारं भूत कल्पनेने उभं करावं लागलं, ते आपल्याकडे आधीपासून कामावर रुजू आहे.

तरी मराठीत हा प्रकार रुजला नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, पण त्या झुंजार आणि काळा पहाड यांच्या, म्हणजे धाडसाच्या. नारायण धारपांचा समर्थ अमानवी शक्तींचा मुकाबला करतो, पण तिथे वाचकाच्या पाठीचा कणा गार पडतो. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांनी तर मला कित्येक रात्री दिवा चालू ठेवून झोपायला लावलंय. आपलं भूत कथेत आलं ते भिववायला. आणि कथेबाहेर ते अजून पुरतं मेलेलंही नाही. भानामतीच्या नावाखाली बाईला गावासमोर उभं करणं, देवऋषाने चोराचं नाव सांगणं, हे आमच्या मुलखात ऐकीव इतिहासापुरतं राहिलेलं नाही. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर.

इथेच भाचीची खरी अडचण होती. ती म्हणाली, "मावशी, भूतच सगळं सांगतंय की, मग तपास कशाला? ते तर देवऋषासारखंच झालं." तिने वाचलेल्या तीस गोष्टी पुन्हा चाळायला लावल्या तेव्हा उलगडा झाला. चांगल्या लेखिका भुताला साक्ष देऊ देत नाहीत. त्याला आपण कसे मेलो तेच आठवत नसतं, नाहीतर ते घराचा उंबरा ओलांडू शकत नाही, नाहीतर मांजरीखेरीज कोणाला दिसत नाही. ते फार तर बोट दाखवतं. पावती, विषाची बाटली, खोटी सही हे सगळं नायिकेलाच शोधावं लागतं, आणि पोलिसांपुढे भुताचं नाव घेता येत नाही. नॉक्सचा दुसरा नियम मोडला तो फक्त दारापुरता. आत तो शाबूत आहे.

भाचीची गोष्ट आता सुरू झाली आहे. वेंगुर्ल्यासारखं, पण नावानिशी काल्पनिक गाव. सतराव्या शतकातल्या डच वखारीसारखी एक पडकी वखार. नायिका सोलापूरहून रत्नागिरीच्या महामार्गाने, चादरींचा गठ्ठा घेऊन दुकान टाकायला आलेली. पहिल्या प्रकरणात गावचा सावकार मरतो. सकाळी देवळात राखणदाराच्या चपला झिजलेल्या आणि ओल्या वाळूने माखलेल्या दिसतात. गुरव हात जोडतो, म्हणतो, देव रात्री फिरून आला. नायिका वाकून दोन्ही चपला उलट्या करते. वाळू एकाच चपलेला आहे.