अमेरिकेतल्या शाळा अजूनही वेगवेगळ्या का?

अमेरिकेत घर घ्यायला निघालेल्या मराठी मंडळींना विचारून बघा, बेडरूम किती वगैरे नंतर, आधी स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारा विभाग, कुठलं ते बघतात. तिथे सरकारी शाळेत ॲडमिशन बहुतेक पत्त्यावर ठरते आणि शाळांचा जवळपास निम्मा पैसा स्थानिक असतो, त्यातला बराचसा प्रॉपर्टी टॅक्सचा. महागडी घरं तिकडे पैसेवाल्या शाळा, सरळ हिशोब!

पण कोण कुठे राहणार हे काही आपोआप ठरलं नाही. डेट्रॉइटमध्ये एट माइल रोडजवळ १९४१ साली एका बिल्डरने ब्लॅक वस्तीला लागून ६ फूट उंच आणि साधारण अर्धा मैल लांब भिंत घातली, का तर त्याशिवाय भिंतीच्या अलीकडच्या बाजूला गोऱ्यांसाठी बांधायच्या घरांना सरकारी हमीचं कर्ज मिळेना. ती भिंत अजून उभी आहे, आता तिच्यावर रंगीत चित्रं आहेत.

१९५४ ला ब्राउन खटल्यात सुप्रीम कोर्टाने शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवला हे आपण वाचलेलं असतं, १९७४ चा मिलिकन खटला मात्र फारसा कोणाला माहीत नसतो. डेट्रॉइट शहरात गोरी मुलं कमी उरली होती म्हणून खालच्या कोर्टाने ब्लॅक आणि गोरी मुलं एकत्र शिकवायच्या योजनेत आजूबाजूची ५३ उपनगरी डिस्ट्रिक्ट्सही घ्यायचं ठरवलं, तर सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते उडवून लावलं. झालं, डिस्ट्रिक्टची हद्द ओलांडून राहायला गेलं की प्रश्नच मिटला. माझ्या मते खरा घात इथे झाला.

आता मुलं एकत्र शिकल्याने खरंच फरक पडतो का हे तपासायचं कसं? रकर जॉन्सन या अर्थतज्ज्ञाने एक गोष्ट हेरली, मुलांना एकत्र शिकवा असे कोर्टाचे आदेश वेगवेगळ्या गावात वेगवेगळ्या वर्षी आले, म्हणजे एकाच घरातल्या थोरल्याची शाळा आदेशाआधीच संपली आणि धाकट्याला एकत्र शाळेत बरीच वर्षं मिळाली असंही झालं. मग १९४५ ते १९६८ मध्ये जन्मलेल्या मुलांचा त्याने मोठेपणापर्यंतचा डेटा पाहिला. ब्लॅक मुलं जास्त शिकली, जास्त कमावू लागली, जेलमध्ये जाण्याचं प्रमाण घटलं, तब्येतसुद्धा सुधारली. आणि हे नुसतं गोऱ्यांच्या शेजारी बसून झालं नाही हां, त्यांच्यावरचा शाळेचा खर्च वाढला आणि वर्गातली गर्दी कमी झाली हे त्यामागचं मोठं कारण. गोऱ्या मुलांचं नुकसान मात्र कुठेच दिसलं नाही. आणि १९७४ ला बोस्टनमध्ये मात्र गोऱ्यांच्या शाळेत निघालेल्या ब्लॅक मुलांच्या स्कूलबसवर लोक दगड मारत होते!

कायद्याने आज सगळ्या शाळा सगळ्यांना खुल्या आहेत. तरी २०१९ च्या एका अहवालात बहुतांश गोऱ्या डिस्ट्रिक्ट्सना बाकीच्यांपेक्षा वर्षाला २३ अब्ज डॉलर जास्त मिळतात असं निघालं, मुलांची संख्या दोन्हीकडे जवळपास सारखी असूनही, आणि हे राज्य सरकारांनी घातलेली भर धरून.