नौकानयन बूट

नौकानयन बूट : शिडाच्या नौकेवर थंड, ओल्या हवामानात घालायची जलरोधक उंच पादत्राणे. घोट्याच्या जरा वर संपणारे बूट लहान होड्यांवर आणि पोटरी झाकणारे बूट खुल्या समुद्रातील नौकांवर अधिक दिसतात. साध्या गमबुटांशी त्यांचे साम्य बरेच आहे. वेगळेपण मुख्यतः तळाच्या रचनेत आणि अस्तरात आढळते.

रबर येण्यापूर्वी युरोपातील खलाशी व कोळी चरबी किंवा तेल मुरवलेले चामड्याचे उंच बूट वापरत. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील लोक रबराच्या झाडाच्या चिकापासून जलरोधक वस्तू बनवीत. त्यांची माहिती ला काँदामीन या फ्रेंच प्रवासी शास्त्रज्ञाच्या लेखनातून साधारण अठराव्या शतकाच्या मध्यास युरोपात पसरली आणि १८२० नंतरच्या दशकात ब्राझीलमधील रबरी पादत्राणे बॉस्टनच्या बाजारात पोहोचली. मात्र कच्चे रबर उन्हात चिकट होई व थंडीत कडक पडे. गंधकासह रबर तापवण्याच्या प्रक्रियेने (व्हल्कनीकरण) ही अडचण दूर झाली. तिच्या एकस्वासाठी (पेटंटसाठी) टॉमस हॅन्कॉक यांनी ब्रिटनमध्ये १८४३ च्या अखेरीस अर्ज केला. चार्ल्स गुडइयर यांना अमेरिकेतील एकस्व १८४४ मध्ये मिळाले. शोधाचे श्रेय बहुतेक लेखक गुडइयर यांना देतात. हॅन्कॉक यांनी गुडइयर यांच्या रबराचे नमुने आधी पाहिले होते, हे ध्यानात घेता ते योग्य वाटते. हायरम हचिन्सन यांनी १८५३ मध्ये फ्रान्समध्ये रबरी पादत्राणांचा कारखाना काढला.

तळाला बारीक चिरा देण्याच्या युक्तीचा उगम वादग्रस्त आहे. प्रचलित कथेप्रमाणे अमेरिकेतील पॉल स्पेरी हे नौकेच्या ओल्या डेकवरून घसरले. पुढे आपला कुत्रा बर्फावर न घसरता धावतो हे पाहून त्यांनी त्याच्या पंजाचे निरीक्षण केले आणि चाकूने रबरी तळावर नागमोडी चिरा पाडल्या. त्यांचे पादत्राण १९३५ मध्ये बाजारात आले. परंतु रबराला चिरा देण्याविषयीचे जॉन सायप यांचे एकस्व १९२३ मधील, म्हणजे सुमारे बारा वर्षे आधीचे आहे. सायप यांना ही कल्पना कशी सुचली याच्याही दोन कथा सांगतात : एकीत ते कत्तलखान्याच्या ओल्या फरशीवर काम करीत होते, तर दुसरीत ते नौकेवर खलाशी होते. दोन्ही कथा ऐकीव स्वरूपाच्या आहेत. एकस्वाचा कागद त्यांहून भक्कम पुरावा मानल्यास चिरांचे तत्त्व सायप यांचे आणि नौकेच्या डेकसाठी ते रूढ करण्याचे काम स्पेरी यांचे, अशी विभागणी अधिक ग्राह्य ठरते. कुत्र्याची कथा खोटी मानण्याचे कारण नाही, पण तिच्यावर फार भार टाकता येत नाही.

चिरांचे कार्य मात्र निर्विवाद आहे. गुळगुळीत डेकवर पाण्याचा पातळ थर असतो. पाऊल पडताच चिरा उघडतात, हे पाणी त्यांत व बाजूच्या चरांत सरते आणि रबर पृष्ठभागाला भिडते. डोंगरवाटांच्या बुटांचे खोल, उंचवट्यांचे तळ येथे कामाचे नाहीत. त्यांचा स्पर्श मोजक्याच ठिकाणी होतो आणि खाचांत अडकलेले खडे डेकवर ओरखडे पाडतात. रबर टिकाऊ करण्यासाठी घालतात त्या कार्बन ब्लॅकचे (काजळीसारख्या भुकटीचे) काळे डाग पडू शकत असल्याने डाग न पाडणाऱ्या तळांत त्याऐवजी बहुधा सिलिका वापरतात. मऊ रबर चांगले धरते, पण लवकर झिजते.

ऊब टिकण्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे बाहेरचे पाणी जितके घातक, तितकाच आत साठणारा घाम. रबरी बूट पहिले पूर्णपणे अडवतो, पण दुसऱ्याला वाट देत नाही. रॉबर्ट गोर यांनी १९६९ मध्ये ताणलेल्या पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन या प्लॅस्टिकपासून (टेफ्लॉन) सच्छिद्र पदार्थ तयार केला. त्याच्या पटलातून बाष्प जाते, द्रवरूप पाणी जात नाही. अशा पटलाचे अस्तर असलेले चामडी बूट महाग असले तरी लांबच्या सफरींत पसंत केले जातात. त्यांच्या गुणांचे वर्णन काहीसे अतिरंजित असते. बाहेरचे चामडे भिजून चिंब झाले की बाष्पाचा निचरा फार मंदावतो, आणि लाट बुटाच्या तोंडातून आत शिरली तर तेच पटल पाणी आत कोंडून ठेवते. निओप्रिन या कृत्रिम रबराचे बूट लहान होड्यांसाठी सोयीचे. त्याच्या फेसाळ थरातील बंद कप्प्यांतील वायू पाय भिजल्यावरही काही ऊब राखतो. गोठणबिंदूच्या वरच्या तापमानातही पाय दीर्घकाळ ओला व थंड राहिल्यास नसा व रक्तवाहिन्यांना इजा होते. पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांत आणि दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जहाजांवरून बचावलेल्यांत ती आढळली.

मापाकडे होणारे दुर्लक्ष ही नेहमीची चूक. जाड लोकरी मोजे घालूनच बूट पाहावा. बोटे हलली पाहिजेत, कारण घट्ट बुटात रक्ताभिसरण कमी होते आणि मोज्यातील हवेचा थर दबतो. टाच मात्र उचलली जाऊ नये. सुती मोजे ओल धरून ठेवतात. जलरोधक विजार बुटाच्या बाहेरून घ्यावी. काही बुटांना पोटरीवर आवळता येणारी कापडी पट्टीही असते.

पाण्यात पडल्यास भरलेला बूट माणसाला तळाशी ओढतो ही समजूत फारशी खरी नाही, कारण पाण्यात असताना बुटातील पाण्याचे वजन जाणवत नाही. पोहणे मात्र जड होते आणि पाण्याबाहेर चढताना भरलेल्या बुटाचे वजन पुरते जाणवते. म्हणून लाथेसरशी निघेल असा बूट घ्यावा, असे काही जाणकार सांगतात. इतर जण पाय गारठू नयेत म्हणून तो न काढण्याचा सल्ला देतात.

वापरानंतर बूट गोड्या पाण्याने धुतात, कारण मीठ हवेतील ओल शोषत राहते. वाळवणे सावलीत, कारण ऊन व ओझोन यांनी रबराला तडे जातात आणि तापकाजवळ (हीटरजवळ) तळाचा डिंक सुटतो.