लिनक्स डेस्कटॉपवरील स्क्रीन लॉक व त्याचे बिघाड

संगणक चालू ठेवून, उघडी कामे जशीच्या तशी राहू देऊन, पासवर्ड दिल्याशिवाय कोणालाही पडदा पाहता येऊ नये व कीबोर्ड वापरता येऊ नये अशी सोय म्हणजे स्क्रीन लॉक. लिनक्सवर ही सोय दोन उलट दिशांनी बिघडते. एक तर लॉक लागतच नाही किंवा लागलेले गळून पडते. नाहीतर ते इतके घट्ट बसते की योग्य पासवर्ड देऊनही मालकच बाहेर राहतो. तक्रारी बहुतेक दुसऱ्या प्रकाराच्या असतात, कारण पहिला प्रकार घडला तरी मालकाच्या लक्षात येत नाही. डेस्कटॉप गोठणे, पॅनेल नाहीसे होणे, झोपेतून उठल्यावर अक्षरांच्या जागी ठिपक्यांचा चिखल दिसणे हे बिघाडही याच घराण्यातले आहेत, कारण पडद्यावर दिसणारे सगळे एकाच साखळीतून येते: कर्नल (सिस्टिमचा गाभा) व ग्राफिक्स ड्रायव्हर, त्यावर प्रोग्रामांना पडदा व कीबोर्ड वापरू देणारा डिस्प्ले सर्व्हर, त्यावर खिडक्या मांडणारा कंपोझिटर, त्यावर पॅनेल व मेनू असलेला डेस्कटॉप शेल, आणि कुठेतरी मध्येच लॉक लावणारा प्रोग्राम. हा ‘कुठेतरी’ नेमका कुठे, यावर बिघाडाचे स्वरूप अवलंबून असते.

एक्स विंडो व्यवस्थेतील मूळ उणीव

युनिक्सवरील खिडक्यांची एक्स ही व्यवस्था १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली व तिची अकरावी आवृत्ती, म्हणजे एक्स-११, १९८७ मध्ये आली. लिनक्स डेस्कटॉपचा बराचसा इतिहास याच आवृत्तीवर उभा आहे. या व्यवस्थेला ‘लॉक झालेला पडदा’ अशी अवस्थाच ठाऊक नाही. लॉक प्रोग्राम हा सर्व्हरच्या दृष्टीने ब्राउझर किंवा कॅल्क्युलेटरसारखाच एक सामान्य प्रोग्राम असतो. तो पडदाभर मोठी खिडकी उघडतो, ती सर्वांच्या वर ठेवतो, आणि कीबोर्ड व माउस फक्त आपल्याकडे यावेत अशी सर्व्हरला विनंती करतो. दाराला कुलूप नाही. दारापुढे एक माणूस चादर धरून उभा आहे, इतकाच हा बंदोबस्त. माणूस कोसळला की चादर खाली.

यातून तीन प्रकारचे बिघाड निघतात. पहिला म्हणजे लॉक न लागणे. कीबोर्डचा एकाधिकार एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो. एखादा मेनू उघडा राहिला असेल तर तो अधिकार मेनूकडे असतो, आणि लॉक प्रोग्रामची विनंती फेटाळली जाते. जेवायला जाताना उजव्या क्लिकचा मेनू उघडा राहिला आणि तासाभराने आल्यावर पडदा तसाच उघडा दिसला, तर वेळेची सेटिंग तपासत बसण्यात अर्थ नाही. दुसरा बिघाड लॉक पडण्याचा. लॉक प्रोग्राम कोणत्याही कारणाने बंद पडला तर सर्व्हर त्याची खिडकी काढून टाकतो, कीबोर्ड मोकळा करतो आणि खालचा डेस्कटॉप समोर येतो. तिसरा अर्धवट लॉकचा: लॉक असताना नवा मॉनिटर जोडला तर त्यावर खिडकी पसरण्याची जबाबदारी लॉक प्रोग्रामवरच असते. तो चुकला की दुसऱ्या पडद्यावर मजकूर उघडा.

मजकूर-कन्सोलवर (फक्त आज्ञा टाइप करण्याच्या पडद्यावर) लॉगिन करून ‘स्टार्टएक्स’ या आज्ञेने डेस्कटॉप सुरू करणाऱ्यांसाठी आणखी एक पळवाट राहते. डेस्कटॉप वेगळ्या कन्सोलवर सुरू झालेला असेल तर, लॉक कितीही भक्कम असले तरी, कंट्रोल-ऑल्ट-एफ१ दाबून मूळ कन्सोलवर जाता येते, तिथे कंट्रोल-सी दाबले की डेस्कटॉप बंद होऊन मालकाच्या नावाचा, आज्ञा स्वीकारणारा शेल (डेस्कटॉप शेलहून वेगळा) हाती येतो. आज्ञेआधी ‘एक्झेक’ हा शब्द लिहिला तर तो शेल मागे उरतच नाही. एवढा साधा उपाय असूनही तो फार थोडे लोक करतात.

गाजलेले बिघाड

जानेवारी २०१२ मध्ये उघड झालेला दोष (सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीतला क्रमांक सीव्हीई-२०१२-००६४) हा या रचनेचा सर्वांत सोपा पुरावा. एक्स सर्व्हरच्या १.११ आवृत्तीत चाचणीसाठीची एक जुनी सोय पुन्हा आली होती: कंट्रोल, ऑल्ट व अंकफलकावरील गुणाकाराचे चिन्ह एकत्र दाबले की कीबोर्डवरचा एकाधिकार जबरदस्तीने सोडवला जाई आणि तो धरून बसलेला प्रोग्राम मारला जाई. लॉक प्रोग्राम नेमका तेच धरून बसलेला असल्याने तीन कळांत पडदा उघडा होई. दोष लॉक प्रोग्रामचा नव्हता. त्याला स्वतःचा बचाव करण्याचा मार्गच नव्हता.

जानेवारी २०२१ मध्ये लिनक्स मिंट या वितरणाच्या (लिनक्सच्या तयार संचाच्या) एका वापरकर्त्याने कळवले की त्याच्या मुलांनी खेळता खेळता खरा कीबोर्ड आणि पडद्यावरचा कीबोर्ड दोन्ही बडवून लॉक उघडले. शोध घेतल्यावर कारण निघाले ते असे: एक्स सर्व्हरमधला एक वेगळाच सुरक्षा-दोष दुरुस्त केल्यामुळे पडद्यावरच्या कीबोर्डची लायब्ररी (इतर प्रोग्रामांत जोडला जाणारा तयार कोड) एका विशिष्ट अक्षरावर कोसळू लागली होती, आणि ती लायब्ररी सिनॅमन डेस्कटॉपच्या लॉक प्रोग्राममध्येच जोडलेली असल्याने तिच्याबरोबर लॉकही पडत असे. दुरुस्तीने दुसरीकडे भोक पाडले.

या घटनेवर ‘मी सांगितलेच होते’ म्हणण्याचा अधिकार जेमी झविन्स्की यांना होता, आणि त्यांनी तो वापरलाही. १९९२ पासून एक्सस्क्रीनसेव्हर हा पडदा लॉक करणारा प्रोग्राम सांभाळणाऱ्या झविन्स्की यांचे म्हणणे जुनेच आहे: लॉक लावणाऱ्या भागात सुंदर बटणे, थीम, पडद्यावरचा कीबोर्ड यांच्या अवजड लायब्ररी आणू नयेत, कारण त्यांतली कोणतीही कोसळली की लॉक जाते. त्यांचा पासवर्डचा चौकोन दिसायला जुनाट आहे, हे खरेच. पण तो जुनाटपणा हेतुपुरस्सर होता. २०२१ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीत त्यांनी लॉक धरणारा भाग, पासवर्ड विचारणारा भाग आणि चित्रे काढणारा भाग वेगवेगळ्या प्रक्रियांत (स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रामांत) विभागले, म्हणजे चित्रे कोसळली तरी लॉक टिकावे. सिनॅमननेही पुढे राखीव लॉकरची सोय केली. मुख्य प्रोग्राम पडला तर तो पडदा झाकून ठेवतो.

वेलँडमधील उलट बाजू

२००८ मध्ये क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी सुरू केलेल्या वेलँड या नव्या व्यवस्थेत सर्व्हर आणि कंपोझिटर एकच असतात, त्यामुळे कुलूप खऱ्या अर्थाने दाराला लावता येते. २०२२ मध्ये आलेल्या सेशन-लॉक नियमावलीनुसार लॉक प्रोग्राम मेला तरी कंपोझिटरने पडदा बंदच ठेवायचा असतो. साहजिकच बिघाडाची दिशा उलटली: पडदा उघडा पडत नाही, पण मालकाला आत जाता येत नाही. स्वे या कंपोझिटरमध्ये अशा वेळी कोरा लाल पडदा दिसतो. पाहणाऱ्याला वाटते ग्राफिक्स कार्ड गेले. प्रत्यक्षात व्यवस्था ठरवल्याप्रमाणेच वागत असते. दुसऱ्या कन्सोलवरून लॉक प्रोग्राम पुन्हा सुरू केला की पासवर्डचा चौकोन परत येतो.

केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपमध्ये पासवर्ड विचारणारा भाग वेगळी प्रक्रिया आहे. तो पुन्हा पुन्हा कोसळला तर काळ्या पडद्यावर सूचना येते की लॉकर बिघडला आहे, दुसऱ्या कन्सोलवर जाऊन लॉगिन करा व ‘लॉगिनसीटीएल अनलॉक-सेशन’ ही आज्ञा द्या. सूचनेत उपायच लिहिलेला असूनही लोक ती न वाचता पॉवरचे बटण दाबतात आणि उघड्या फाइली गमावतात. ग्नोम या डेस्कटॉपमध्ये लॉक शेलच्याच पोटात आहे. वेलँडवर शेल कोसळला तर सत्रच (लॉगिनपासून चालू असलेले सगळे) संपते व लॉगिनचा पडदा येतो. गुपित सुरक्षित राहते, न साठवलेले काम जाते. ग्नोमने २०२५ च्या ४९ व्या आवृत्तीपासून एक्स-११ चे सत्र मुळातच बंद ठेवल्यामुळे हा सौदा आता बहुतेकांच्या वाट्याला येणार आहे.

योग्य पासवर्ड नाकारला जाणे

भारतीय भाषांत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत याचे नेहमीचे कारण कीबोर्डची मांडणी हे असते. मराठी इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण मांडणी थेट कीबोर्ड-मांडणी म्हणून जोडलेली असेल आणि लॉक लागताना तीच चालू असेल, तर ‘के’च्या कळेतून क, ‘जे’तून र आणि ‘डी’तून हलन्त जातो. पडद्यावर मात्र ठिपकेच दिसतात, म्हणून चूक डोळ्यांना कळत नाही. पासवर्डच्या चौकोनाजवळ मांडणीचे चिन्ह असल्यास ते आधी पाहावे. ग्नोममध्ये सुपर (विंडोज चिन्हाची कळ) व स्पेस या कळांनी मांडणी बदलते. आयबससारख्या इनपुट-इंजिनातून, म्हणजे कळांचे मराठीत रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममधून, मराठी लिहिणाऱ्यांना हा त्रास कमी होतो, कारण ग्नोम पासवर्डच्या चौकोनात अशी इंजिने बाजूला ठेवतो.

या चुकीला एक वाईट शेपूट आहे. आर्चसारख्या काही वितरणांत चुकलेले पासवर्ड मोजणारा फेललॉक हा घटक चालू असतो, आणि त्याचा मूळ नियम असा की तीनदा पासवर्ड चुकला तर खाते दहा मिनिटे बंद. मराठी मांडणीत तीनदा टाइप केले, मग चूक लक्षात येऊन मांडणी बदलली, तरी चौथ्यांदा दिलेला अचूक पासवर्ड नाकारला जातो. सूचना मात्र पासवर्ड चुकल्याचीच दिसते. इथून माणूस सिस्टिम नव्याने इन्स्टॉल करण्यापर्यंत जातो, जेव्हा चहा पिऊन आले तरी भागले असते. घाई असेल तर रूटच्या (सर्वाधिकारी) खात्यातून फेललॉकचा मोजणीचा आकडा शून्यावर आणता येतो.

पासवर्ड स्वीकारला जातो, क्षणभर काळे होते आणि पुन्हा लॉगिनचाच पडदा येतो, हे वेगळे प्रकरण. तेव्हा घरच्या फोल्डरात जागा संपलेली असते, किंवा डेस्कटॉप वापरण्याची परवानगी साठवणाऱ्या एक्सऑथॉरिटी या लपलेल्या फाइलची मालकी सुडो (रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवण्याची सोय) वापरताना रूटकडे गेलेली असते.

झाकण उघडताच दिसणारा डेस्कटॉप

लॅपटॉपचे झाकण उघडल्यावर एखादा क्षण जुना डेस्कटॉप दिसतो आणि मग लॉक येते. अनेकांना हा दिसण्यापुरता दोष वाटतो. बँकेचे पान उघडे असेल तर तो तसा नसतो. लॉक प्रोग्रामला झोपेआधी पडदा झाकायला यंत्रावरील सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीचा लॉगिनडी हा भाग थोडी उसंत देतो. तिची मूळ मर्यादा ५ सेकंद. यंत्र संथ असेल किंवा डिस्क गुंतलेली असेल तर लॉकची खिडकी रंगण्याआधीच यंत्र झोपते, आणि उठल्यावर शेवटची फ्रेम समोर येते. मर्यादा वाढवणे हा एक उपाय. झाकण बंद करण्याआधी हाताने लॉक लावणे हा दुसरा, आणि तो कोणत्याही यंत्रावर चालतो.

झोपेनंतरचा चिखल, म्हणजे चिन्हांच्या जागी रंगीत ठिगळे व तुटलेली अक्षरे, याचा लॉकशी संबंध नाही. एनव्हिडियाच्या मालकीच्या ड्रायव्हरमध्ये झोपेत व्हिडिओ मेमरीतला मजकूर पूर्ण जपला जाईलच असे नसते. ती मेमरी जपण्याचा पर्याय ड्रायव्हरमध्ये आहे. तो आणि त्यासोबतच्या झोपेच्या सेवा चालू असाव्या लागतात.

गोठलेला डेस्कटॉप: थर ओळखणे

सगळे हँग झाले असे वाटते तेव्हा सहसा एकच थर गेलेला असतो. कॅप्स लॉकचा दिवा कळ दाबल्यावर बदलत असेल तर यंत्रात अजून जीव आहे असे समजावे. माउसचा बाण हलतो पण क्लिक लागत नाही, म्हणजे सर्व्हर जिवंत आहे व वरचा शेल किंवा एखादा अडलेला मेनू दोषी आहे. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून मजकूर-कन्सोल मिळाला तर काम बहुतेक वाचते; तिथून फक्त बिघडलेला भाग मारता येतो. दुसऱ्या संगणकावरून एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) होत असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर अडला असला तरी फाइली वाचवता येतात.

केवळ शेल पुन्हा सुरू करण्याची सोय प्रत्येक डेस्कटॉपची वेगळी. सिनॅमनमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एस्केप. प्लाझ्मामध्ये प्लाझ्माशेल ही सेवा पुन्हा चालू करावी; खिडक्या वेगळा प्रोग्राम सांभाळत असल्याने त्यांना धक्का लागत नाही. ग्नोममध्ये एक्स-११ वर ऑल्ट-एफ२ दाबून ‘आर’ हे अक्षर देता येत असे. वेलँडवर ती सोय नाही, कारण शेल गेला म्हणजे सर्व्हरच गेला. एक्सएफसीई या डेस्कटॉपमध्ये पॅनेल नाहीसे होऊन दर लॉगिनला नाहीसेच राहत असेल, तर साठवलेल्या सत्राचा कॅशे (साठवण) पुसावा. बिघडलेली स्थितीच इमानाने जपली गेलेली असते.

ग्नोममधील विचित्र वागण्यामागे बाहेरून आणलेली एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्राम) असण्याची शक्यता मोठी. ती शेलच्याच प्रक्रियेत चालतात व आवृत्ती बदलली की मोडतात. लॉक असताना बहुतेक एक्स्टेन्शन बंद केली जातात आणि उघडल्यावर पुन्हा चालू होतात, म्हणून लॉक उघडताच दोन-तीन सेकंद सगळे अडकणे हे त्यांचे ठळक लक्षण. सर्व एकदम बंद करून पाहावे, मग एकेक चालू करावे.

काहीच उत्तर देत नसेल तेव्हा ऑल्ट आणि सिसआरक्यू (बहुधा प्रिंट-स्क्रीनचीच कळ) धरून आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरे क्रमाने दाबण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. तो जसाच्या तसा सगळीकडे लागू नाही. उबुंटूत या सोयीची किंमत १७६ ठेवलेली असते, म्हणजे डिस्कवर लिहून घेणे, ती केवळ वाचनीय करणे आणि रीबूट एवढेच चालते. पहिल्या तीन अक्षरांनी काहीच होत नाही आणि शेवटची तीन पुरेशी असतात. रीबूटनंतर मागील सत्राची नोंद ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेला बी व उणे एक हा पर्याय देऊन पाहता येते. तिच्या शेवटच्या ओळींत ड्रायव्हरचे नाव आहे, शेलचे आहे की लॉक प्रोग्रामचे, यावरून दुरुस्ती कोणत्या थरात करायची ते ठरते. नोंद मध्येच तुटलेली असेल तर संशय कर्नलवर, ड्रायव्हरवर किंवा यंत्राच्या मेमरीवर घ्यावा.