पीडब्ल्यूडीच्या मेस्त्रीपासून 160 क्रेडिटपर्यंत

सीईटीचा स्कोअर हातात पडला की सोलापुरातल्या बारावी सायन्सच्या घरांत ऑप्शन फॉर्मवर खल सुरू होतो. सिव्हिल आणि मेकॅनिकल हल्ली कॉम्प्युटरच्या खाली टाकतात. ते ठीक. पण इंजिनिअरिंगची पदवी हवी तर काय काय करावं लागेल, हे मुळात याच दोन शाखांवरून ठरलं, आणि ते ठरवताना विद्यार्थ्याला कुणी विचारलं नव्हतं. नोकरी देणाऱ्याची गरज काय, एवढंच पाहिलं गेलं.

पुण्यात 1854 मध्ये 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' निघालं, ते सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती म्हणून. रस्त्याची मोजणी घेणारा, नकाशा काढणारा, एस्टिमेट बांधणारा माणूस. पुढे मुंबई विद्यापीठाशी जोडल्यावर तिथे एल.सी.ई., म्हणजे लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनिअरिंग, ही पात्रता मिळू लागली. विश्वेश्वरय्यांनी 1883 मध्ये घेतली ती हीच. घेतल्यावर ते मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीतच, म्हणजे त्याच बांधकाम खात्यात, लागले. पूर्ण पदवी, बी.ई., विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. मेकॅनिकलचे पहिले पदवीधर पुण्यातून 1912 मध्ये बाहेर पडले. मुंबईच्या व्हीजेटीआयची (स्थापना 1887) गोष्ट वेगळी. तिथे नोकरी देणारं सरकार नव्हतं, गिरण्या होत्या. त्यामुळे तिथल्या शिक्षणाला कापड आणि यंत्रांचा वास होता.

त्या काळात सोलापुरात काम भरपूर होतं, शिक्षण नव्हतं. 1860 मध्ये रेल्वे आली. हिप्परग्याचा एकरुख तलाव 1871 चा, दोन किलोमीटरहून लांब मातीचं धरण. 1877 मध्ये जुनी गिरणी सुरू झाली. 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वे धावली, अडीच फुटी गेजची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने एका चाकजोडीवर पाच टनांपेक्षा जास्त वजन पडू द्यायचं नाही असा नियम धरून ती आखली. हलके रूळ, स्वस्त पूल आणि तरी भरपूर माल. सिव्हिल आणि मेकॅनिकल एकत्र शिकवायला याहून चांगलं उदाहरण जिल्ह्यात नाही, आणि ते अभ्यासक्रमात कुठेही नाही. याच रेल्वेच्या कंत्राटी कामातून सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी धंद्याची सुरुवात केली. वालचंद स्वतः इंजिनिअर नव्हते.

गिरणीत मशीन चालवणारी, धरणाची देखरेख करणारी माणसं कामावरच शिकली. शासकीय तंत्रनिकेतन 1956 मध्ये आलं, पण ते डिप्लोमाचं. पदवी हवी तर इंटर सायन्स (तेव्हाची कॉलेजातली बारावीसारखी पायरी) करून सांगलीला किंवा पुण्याला जायचं. तिथल्या मोजक्या जागा मार्कांवर भरायच्या आणि जिल्ह्यातली चार-दोन मुलं लागायची. सत्तरच्या दशकात दहावी-बारावीचा आकृतिबंध आला. इंटर गेलं आणि बारावीनंतर चार वर्षं हे गणित पक्कं झालं.

1983 मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याच वर्षी सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झालं. शिक्षणाचा बाजार मांडला, ही टीका तेव्हापासूनची आहे आणि ती पोकळ नाही. पण अशोक चौकापर्यंत सिटी बसने जाऊन इंजिनिअर होता येतं, हे त्याआधी या गावाला शक्य नव्हतं. परीक्षा शिवाजी विद्यापीठाची, म्हणजे अभ्यासक्रम कोल्हापूरचा. 2004 मध्ये फक्त एका जिल्ह्यापुरतं सोलापूर विद्यापीठ झालं (आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाचं) आणि अभ्यासक्रम ठरवण्याचं टेबल सोलापूरजवळच्या केगावला आलं.

कोल्हापूर काळातल्या कुठल्याही बीई झालेल्याला विचारा, आठवण एम-थ्रीची, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरची, आणि सबमिशनची निघते. केटी, म्हणजे नापास विषय, राहिली तरी पुढच्या वर्षात बसता यायचं, पण टर्मवर्क, म्हणजे वर्षभराच्या वह्या-शीट्स, सुटत नसे. ड्रॉइंगची शीट मिनी ड्राफ्टरवर काढायची, नाहीतर रात्री काचेखाली दिवा लावून मित्राच्या शीटवरून जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारायची. वर्कशॉपमध्ये मात्र जीटी नव्हती. फिटिंगचा जॉब म्हणजे माइल्ड स्टीलचा तुकडा कानशीने घासायचा, कडेला गुण्या लावायचा आणि उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की परत व्हाइसमध्ये. हे सिव्हिलच्या पोरालाही करावं लागे आणि मेकॅनिकलच्या पोरालाही मेकॅनिक्स, ग्राफिक्स चुकत नसे. पहिलं वर्ष सगळ्यांना जवळपास सारखं असण्याची पद्धत आजही टिकून आहे.

एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची अखिल भारतीय परिषद, 1945 पासून होती, पण सल्ला देण्यापुरती. 1987 च्या कायद्याने तिच्या हाती अधिकार आले. किती शिक्षक, किती प्रयोगशाळा, किती जागा हे दिल्लीहून ठरू लागलं. अभ्यासक्रमाला मोठा धक्का बसला तो तिच्या 2018 च्या मॉडेल करिक्युलमने, म्हणजे नमुना अभ्यासक्रमाने. त्याआधी पदवीला दोनशेच्या वर क्रेडिट (तासांवरून मोजलेला अभ्यासाचा भार) असायचे, ते 160 वर आणले. त्यात शाखेचे मुख्य विषय 48, मूलभूत विज्ञान 25, इंजिनिअरिंग सायन्स 24, दोन प्रकारचे इलेक्टिव्ह (निवडीचे विषय) 18-18, प्रोजेक्ट-सेमिनार-इंटर्नशिप 15 आणि मानव्यविद्या 12. राज्यघटना आणि पर्यावरण हे विषय क्रेडिटशिवाय, पण सक्तीचे.

इथे एक खोच आहे. तासभराच्या लेक्चरला एक क्रेडिट आणि प्रॅक्टिकलच्या दोन तासांना मिळून एक. भार कमी करायला बसलेल्या माणसाला कात्री कुठे लावावीशी वाटेल? दोन तास वाचवून एकच क्रेडिट जातं, तिथेच. मोजणीची साखळी, डंपी लेव्हल, प्लेन टेबल ही जुनी साधनं जाऊन इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन आलं याबद्दल रडण्यात अर्थ नाही. पण लेव्हल घेऊन उन्हात उभं राहण्याचे तासही त्यासोबत आटले, आणि माझ्या मते ही काटकसर चुकीची आहे.

प्रवेशाच्या अटीही हलत राहिल्या. 2014 आणि 2015 मध्ये राज्याने सीईटी बाजूला ठेवून जेईई मेन धरली, 2016 ला सीईटी परत आली. 2021 मध्ये एआयसीटीईच्या पुस्तिकेने फिजिक्स-मॅथ्सची सक्ती सैल केल्यावर गदारोळ झाला. पुढच्या वर्षी ती सूट आर्किटेक्चरसारख्या मोजक्या अभ्यासक्रमांपुरती राहिली. सिव्हिल-मेकॅनिकलला हे दोन विषय लागतातच. खुल्या प्रवर्गाला 45 टक्के आणि राखीवला 40 टक्के ही किमान पात्रता. डिप्लोमावाले थेट दुसऱ्या वर्षात येतात. कानस त्यांनी आधीच घासलेली असते, अडतात ते गणितात.

नव्या शैक्षणिक धोरणाने आता दुसऱ्या शाखेतला मायनर (जोडविषय) आणि मधेच बाहेर पडण्याची वाट जोडली आहे. इंटर्नशिपवर जोर आणखी वाढला आहे. सोलापुरात ही अट दोन्ही शाखांना सारखी पडत नाही. सिव्हिलवाल्याला जुळे सोलापूरमध्ये बांधकामाची साइट मिळून जाते. मेकॅनिकलवाल्याला एकेकाळी गिरण्या होत्या, त्या बंद पडल्या. प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारखा कारखाना आणि एनटीपीसीचा 1320 मेगावॉटचा वीजप्रकल्प सगळ्यांना घेऊ शकत नाहीत. उरलेली मुलं हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जातात आणि चाकण-भोसरीच्या कारखानदारी पट्ट्यात कॉट बेसिसवर राहून इंटर्नशिपचे क्रेडिट मिळवतात.