बीटीई की आरआयसी? लहान मुलाचं श्रवणयंत्र निवडताना

दोन्ही यंत्रं टेबलावर शेजारी ठेवली तर नवख्या माणसाला फरक पटकन कळत नाही. दोन्हींची डबी कानामागेच बसते, दोन्ही डिजिटल, दोन्ही कॉम्प्युटरला जोडून सेट करतात. एक जरा जाड, दुसरं नाजूक. आईबाबांचा हात आपसूक नाजूक यंत्राकडे जातो, कारण ते केसांत लपतं. दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी मात्र जवळजवळ नेहमी ते जाडच घ्यावं, म्हणजे बीटीई (बिहाइंड-द-इअर). नाजूक ते आरआयसी (रिसिव्हर-इन-कॅनाल).

खरा फरक आहे तो स्पीकर कुठे आहे याचा. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, त्याला रिसिव्हर म्हणतात. बीटीईमध्ये तो कानामागच्या डबीतच असतो. तिथून आवाज हुक आणि पारदर्शक नळीतून मोल्डमध्ये येतो. मोल्ड म्हणजे त्या मुलाच्याच कानाचं माप घेऊन बनवलेला मऊ सिलिकॉनचा तुकडा. कानाच्या आत इलेक्ट्रॉनिक असं काहीच जात नाही. आरआयसीमध्ये डबीतून बारीक वायर निघते आणि रिसिव्हर थेट कानाच्या आत बसतो, पुढे छोटा रबरी डोम.

मुलाचा कान वाढतो, आणि इथेच बीटीईची बाजू भक्कम होते. मोल्ड सैल झाला की आवाज फटीतून बाहेर येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि यंत्र शिट्टी मारतं. मुलाला जवळ घेतलं किंवा त्याने उशीला कान टेकला की हमखास. तान्ह्या बाळाचा मोल्ड तर काही महिन्यांतच बदलावा लागतो. यंत्र तेच राहतं. काही जण शिट्टी थांबवायला यंत्राचा आवाजच कमी करून देतात. ते मान्य करू नका. घरात शांतता होते खरी, पण मुलाच्या कानापर्यंत शब्दही पोचत नाहीत. उपाय एकच, नवीन मोल्ड.

आता आपल्या घरांतली गोष्ट. अंघोळीआधी टाळूला तेल आणि जाताजाता कानातही दोन थेंब. कानात तेल घालणं यंत्र असो-नसो बंद करा, मग आजी कितीही रागावू दे. मोल्ड यंत्रापासून वेगळा करून कोमट पाण्याने धुता येतो आणि नळीतलं पाणी रबरी ब्लोअरने उडवता येतं. आरआयसीचा रिसिव्हर धुता येत नाही. मळ, तेल किंवा कान वाहत असेल तर तो स्राव, सगळं आधी त्याच्यावरच येतं. लहान मुलांचे कान सर्दीनंतर बऱ्याचदा वाहतात. शिवाय मूल यंत्र ओढणार, चावणार. बीटीईची नळी थोडक्या पैशांत बदलून मिळते. आरआयसीची वायर तुटली तर रिसिव्हरसकट नवी घ्यावी लागते. डोम सुटून कानात अडकू शकतो, तो त्रास वेगळाच.

बॅटरीच्या दाराला लॉक आहे ना, हे घेतानाच बघा. लहान मुलांसाठीच्या बीटीईत ते मिळतं. बॅटरी गिळली असा संशय जरी आला तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. पावसाळ्यात, कोकणात तर नक्कीच, यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवावं, मग ते कोणतंही असो.

किती चॅनेल, कोणतं ब्लूटूथ यावर दुकानात बरीच चर्चा होते. त्यापेक्षा एक प्रश्न विचारा: सेटिंग करताना आरईसीडी मोजणार का? म्हणजे चाचणीच्या ठरावीक पोकळीपेक्षा मुलाच्या खऱ्या कानात आवाज किती वेगळा होतो, त्याचं माप. कानाची पोकळी लहान असली की तोच आवाज आत जास्त जोरात होतो. तान्ह्या बाळात हा फरक १५-२० डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. मोठ्यांच्या कानावर बेतलेलं सेटिंग म्हणूनच मुलाला चालत नाही. समोरची व्यक्ती आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेली ऑडिओलॉजिस्ट आहे का, तेही विचारा. त्यात संकोच कसला?

मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण दोषांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत तपासणी होते. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या कुटुंबांना केंद्र सरकारच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून यंत्र मिळू शकतं, आणि जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी (जिल्हा शीघ्र हस्तक्षेप) केंद्रात चौकशी करता येते.

आरआयसी वाईट नाही. वयानुसार ऐकू कमी येऊ लागलेल्या आजोबांसाठी ते उत्तम. तेरा-चौदा वर्षांची, स्वतःचं यंत्र स्वतः पुसणारी मुलगी ते मागत असेल, कान वाहत नसेल आणि तिच्या ऑडिओग्रामला (श्रवणचाचणीच्या आलेखाला) ते पुरत असेल, तर जरूर द्यावं. तोवर मोल्ड निळा हवा की चमकीचा, एवढं मुलाला ठरवू द्या.